सरप्राइज नको, आधी छताचा फोटो दाखव

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही लातूरला राहतो. माझं माहेर परभणी, सासर औसा तालुक्यातलं. यंदा डिसेंबरात लग्नाला दहा वर्षं होतील. दोन लेकरं, सासूबाई आणि दोन खोल्यांचा फ्लॅट. आम्ही दोघंच कुठं गेलोय असं दहा वर्षांत झालंच नाही. म्हणून मी गुपचूप खुलताबादकडचा एक जुना दगडी वाडा दोन रात्रींसाठी बुक केला. मालकांनी तो दुरुस्त करून पाहुण्यांसाठी उघडलाय. काळ्या दगडाच्या भिंती, सागवानी खांब, मधे चौक, वर मातीच्या छताचं माळवद. फोटो बघूनच जीव हरखला. ॲडव्हान्सही भरला. यांना ऐनवेळी सांगायचं, असं मनात होतं.

सासूबाईंना कुठून तरी कळलं आणि त्या एकदम भडकल्या. म्हणाल्या, "दगडाच्या घरानं आपली माणसं खाल्ली, अन् तुम्ही पैसे देऊन दगडात निजायला निघालाव का?" किल्लारीच्या भूकंपात यांची आजी आणि धाकटी बहीण गेली. हे तेव्हा आठ वर्षांचे होते. त्याबद्दल हे कधीच बोलत नाहीत. अजून दारालगतच झोपतात. रात्री रस्त्यानं ट्रक गेला की उठून बसतात. पण मागं आम्ही सगळे वेरूळला गेलो तेव्हा कैलास लेण्यात तासभर मजेत फिरले. म्हणजे दगडाची भीती नसावी, असं मला वाटतं. मैत्रीण म्हणते, "न सांगता घेऊन जा, दोन रात्रीत भीती पार निघून जाईल." काय करू? रद्द करू की नेऊ? माझंच चुकतंय का?

– एक वाचक, लातूर

उत्तर

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं आधी बघू. दोन खोल्यांत लेकरं आणि सासू यांच्यासोबत दहा वर्षं काढल्यावर दोन रात्री नवऱ्यासोबत दार लावून राहावंसं वाटलं, यात चूक कसली? आपल्याकडच्या बायका हे स्वतःशीसुद्धा कबूल करत नाहीत. देवदर्शनाच्या नावानं तुळजापूरला जातात, तेही सोबत सासू, नणंद आणि नणंदेची पोरं घेऊन. तू सरळ वाडा शोधलास, पैसे भरलेस. मला आवडलं.

मैत्रिणीचं मात्र ऐकू नकोस. न सांगता अजिबात नेऊ नकोस. अशी भीती धक्का देऊन जात नसते. वाड्याच्या दारात गाडी थांबेल, तू हसऱ्या चेहऱ्यानं बघत असशील आणि त्यांना तुझ्या आनंदाखातर आत जावं लागेल. मग रात्रभर तुळयांकडं बघत पडून राहतील. सकाळी तू विचारशील, कसं वाटलं? ते म्हणतील, मस्त. दोन दिवस असेच जातील आणि हे तुला कधी कळणारही नाही.

कैलास लेण्यात ते रमले म्हणून भीती नसावी, हा तुझा हिशेब चुकतोय. कैलास एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलंय. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी तिथं दगडावर दगड रचलाच नाही, नको तेवढा काढून टाकला. तिथं ना जोड, ना चिखल, ना डोक्यावर कुणी नेऊन ठेवलेलं ओझं. शिवाय तुम्ही गेलात दिवसाढवळ्या, लेकरांची बोटं धरून, चालत. तुझ्या नवऱ्याला दगडाचं वावडं असेल असं मला वाटत नाही. त्यांची धास्ती छताखाली, अंधारात, डोळे मिटून पडण्याची दिसते. म्हणून तर काँक्रीटच्या फ्लॅटमध्येही ते दाराजवळची जागा सोडत नाहीत.

तू परभणीची, त्यात तेव्हा फार तर चार-पाच वर्षांची असशील. म्हणून थोडं सांगते. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती विसर्जनातून माणसं रात्री उशिरा घरी आली, दमून झोपली. पहाटे चार वाजायला पाचेक मिनिटं कमी असताना जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं भुईसपाट झाली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ५२ गावांचं तर सगळंच गेलं. ती नंतर दुसऱ्या जागी वसवावी लागली. मेलेल्यांचा सरकारी आकडाच आठ हजारांच्या घरात आहे. भूकंपाच्या तेव्हाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला होता. कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पुढं कित्येक जण चांगलं पक्कं घर मिळूनही शेजारी पत्र्याचं शेड टाकून त्यातच झोपत राहिले. तेव्हा तुझा नवरा यात काही एकटा नाही.

आणि घरानं माणसं खाल्ली, हे सासूबाईंचं म्हणणं शब्दशः खरं आहे. जुनी भिंत बाहेरून अडीच-तीन फुटी दिसते, किल्ल्यासारखी. प्रत्यक्षात त्या दोन भिंती असतात, एक बाहेरची आणि एक आतली. मधल्या पोकळीत गोटे, चिपा आणि चिखल. दोन्ही भिंतींना एकत्र धरून ठेवायला ठिकठिकाणी आरपार लांब दगड घालावा लागतो. असा दगड घडवायला वेळ लागतो, पैसे लागतात, म्हणून बऱ्याच घरांत तो घातलेलाच नव्हता. हादरा बसला की भिंतीचं पोट फुटलं, आतला थर घरात कोसळला, बाहेरचा गल्लीत. वरचं माळवद म्हणजे तुळया, त्यावर आडव्या लाकडांचा थर आणि त्याच्यावर माती. गळायला लागलं की पावसाळ्याच्या तोंडावर वर नवी माती घालायची, जुनी कोण उतरवतोय? असं करत दीड-दोन फुटांचा थर साचतो. उन्हाळ्यात घरात जो गारवा असतो तो याच मातीमुळं. त्या पहाटे तीच अंगावर आली. याउलट छताचा भार जिथं लाकडी खांबांवर होता आणि खांब-तुळयांचे सांधे पक्के होते, तिथं भिंती ढासळल्या तरी अनेक ठिकाणी माळवद खांबांवर तोललेलं राहिलं आणि खालची माणसं वाचली.

हे एवढं सविस्तर सांगण्याचं कारण, तू बुक केलेला वाडा कितपत पक्का आहे हे बघता येतं, विचारता येतं. आणि तुझ्या नवऱ्याला धीर द्यायचाच असेल तर तो "काही होत नाही हो" या वाक्यानं येणार नाही. बघितल्यानं, विचारल्यानं कदाचित येईल.

मालकाला फोन लाव. "रिनोव्हेशन नीट केलंय ना?" असं विचारलंस तर "एकदम नीट, मॅडम" असं उत्तर येईल, तेव्हा ते विचारू नकोस. विचार, छतावरची जुनी माती उतरवली का, आता किती जाडीची आहे? भार भिंतींवर आहे की खांबांवर? खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं तिरके टेकू किंवा लोखंडी पट्ट्या मारल्यात का? भिंतीत आरपार दगड आहेत का, नसतील तर भोकं पाडून सळई आणि काँक्रीटनं दोन्ही थर एकमेकांना बांधलेत का? दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना धरणारा सलग पट्टा फिरवलाय का? काम कुणी केलं, त्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर होता का, कामाच्या आधीचे आणि मधले फोटो आहेत का? मनापासून काम केलेला मालक या प्रश्नांनी खूश होतो आणि तासभर फोन सोडत नाही. "अहो, दीडशे वर्षं उभा आहे वाडा, काय होतंय" असं म्हणाला, तर तो वाडा सोडून दे. किल्लारीतलीही कित्येक घरं १९९३ पर्यंत पिढ्यान्‌पिढ्या उभीच होती.

आणखी एक विचार. पाण्याची टाकी कुठं ठेवलीय? हजार लिटरची टाकी भरली की पाण्याचंच वजन एक टन. जुन्या माळवदावर टाकी बसवणारे महाभाग आहेत, आणि हल्ली त्याच्या जोडीला गच्चीवर न्हाणीचा टब बसवायची फॅशन निघालीय. फोटोत असं काही दिसलं तर पुढं काही विचारायची गरज नाही.

चुन्याचं कौतुक तुला ऐकवतील. गूळ घातला, बेलफळाचं पाणी घातलं, मेथी घातली, घाण्यात मळला. यात थापा नाहीत. जुन्या दगडी भिंतीला चुन्याचाच गिलावा चांगला, कारण सिमेंटखाली ओल कोंडते आणि दगडाआडची माती भुसभुशीत होते. मालकानं चुना वापरला असेल तर तो माणूस जाणता आहे, एवढं त्यातून कळतं. पण नुसत्या गिलाव्यानं भिंतीचे दोन थर एकमेकांना बांधले जात नाहीत. तेव्हा चुन्याचं ऐकून घे आणि पुन्हा आरपार दगडाकडं वळ.

समज, चौकशीत असं निघालं की वाडा नकलीच आहे, आत काँक्रीटचे कॉलम आणि बाहेरून दगडाच्या चिपा चिकटवल्यात. एरवी मी नाक मुरडलं असतं. बैलगाडीचं चाक भिंतीला टांगून, पितळेचं घंगाळ दारात ठेवून 'वाडा' म्हणून पैसे घेणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. पण तुमच्यासाठी तो नकली वाडा निघाला तर देव पावला समज. बिनधास्त जा.

आता नवऱ्याशी बोलायचं कसं. रात्री अंथरुणावर नको, सासूबाईंसमोर तर नकोच. लेकरं शाळेत असताना, नाहीतर दोघं भाजीला बाहेर पडाल तेव्हा चालता चालता. चालताना एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, त्यामुळं अवघड बोलणं सोपं जातं. फार प्रस्तावना करू नकोस. "अहो, डिसेंबरात आपण दोघंच कुठं तरी जावं म्हणून मी एक घर बघून ठेवलंय. जुनं आहे, दगडाचं. मला तुमच्यासंगं दोन दिवस राहायचंय, ते घर तेवढं महत्त्वाचं नाही. तुम्हाला तिथं झोप लागणार नसेल तर दुसरीकडं जाऊ." एवढंच. आणि मग गप्प बस. त्यांच्या वतीनं तूच उत्तर देऊ नकोस, बहिणीचा विषय तू काढू नकोस. त्यांनी काढला तर ऐक.

बहुतेक ते म्हणतील, "चालतंय की." आपल्याकडच्या पुरुषांचा "चालतंय की" हा होकार नसतो, विषय बंद करायची ती रीत असते. म्हणून दुसरा प्रश्न तयार ठेव: "मग अंथरूण कुठं टाकायचं, आत का बाहेर?" या प्रश्नाला "चालतंय की" म्हणता येत नाही. इथं खरं काय ते कळेल.

फोटो दाखवशील तेव्हा छताचा दाखव. तू हरखलीस ते चौकातल्या तुळशीवर आणि नक्षीच्या खांबांवर. त्यांची नजर पहिल्यांदा वर जाणार आहे. मालकाकडून खास छताचे, कोपऱ्यांचे, दाराचे फोटो मागव. जमलं तर मालकाचा नंबरच त्यांच्या हातात दे आणि वरचे सगळे प्रश्न त्यांना विचारू दे. आठ वर्षांच्या पोराला तेव्हा कुणी काही विचारलं नव्हतं, चाळिशीच्या माणसाला विचार. शिवाय औशाकडचा माणूस आहे. माळवद, तुळया, माती हे तुझ्यामाझ्यापेक्षा त्यांना जास्त कळत असेल.

ते "येतो" म्हणाले तर वाड्यावर उजेडी पोचा. लातूरहून सकाळी लवकर निघालात तर अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई करत दुपारनंतर आरामात पोचाल. जेवायला, पाय मोकळे करायला थांबून दिवस जातोच. पण अंधार पडायच्या आत त्यांना घराभोवती एक चक्कर मारता आली पाहिजे. कोपऱ्यात उभी चीर आहे का, भिंतीला कुठं फुगवटा आलाय का, तुळईच्या टोकाला वाळवी लागलीय का, हे त्यांना बघू दे. तू चहा पी तोवर. "झालं का तुमचं इन्स्पेक्शन" असं गमतीतही म्हणू नकोस.

झोपायची जागा त्यांनी निवडायची. पलंग आतल्या माजघरात मांडलेला असेल, तर तो दाराजवळच्या खोलीत घ्यायला सांग. पाहुण्यांसाठी एवढं कुणीही करतं. जुन्या दाराची कडी वर असते, कधी आतून आडवा अडसर. अनोळखी माणसाला अंधारात ती सापडत नाही. दिवे मालवायच्या आधी दोघांनी ती दोन-चारदा काढून घालून बघा. उशाशी बॅटरी, पलंगाखाली चपला. हे तुला रोमँटिक वाटणार नाही, ठाऊक आहे मला. पण दार कसं उघडतं हे ज्याला माहीत असतं, त्याला ते लावून घेता येतं.

आत झोपणं नकोच म्हणाले तर चौकात झोपू, असं तुझ्या मनात येईल. चौकाला चारही बाजूंनी भिंती असतात. भिंत जेवढी उंच तेवढं तरी तिच्यापासून लांब अंथरूण हवं, आणि लहान चौकात ते बसत नाही. त्यापेक्षा वाड्यामागं शेत किंवा मोकळं परस असेल तर तिथं बाज टाकून द्या म्हणावं. डिसेंबरातली खुलताबादची रात्र म्हणजे चांगलीच थंडी. तो भाग उंचावर आहे, लातूरपेक्षा गारठा जास्त. दोन जाड वाकळी, कानटोपी आणि शेकोटी. दिवसभर वाड्यात राहायचं, जेवायचं, दुपारी दार लावून लोळायचं आणि रात्री आभाळाखाली. यात तुझं काय गेलं? मला तर हा बेत मूळ बेतापेक्षा बरा वाटतो.

आणि ते सरळ "नको" म्हणाले, तर रद्द कर. तोंड पाडून करू नकोस, "तुमच्यासाठी केलं होतं मी" हे वाक्य घशातच ठेव. मालकाला खरं कारण सांग. बरेच जण अशा वेळी पैसे परत देतात, निदान ॲडव्हान्स दुसऱ्या तारखेला वळता करतात. नाहीच दिला तर गेला. वेरूळच्या परिसरात बैठ्या, नव्या बांधणीच्या खोल्याही मिळतात, तंबूंची सोय असलेली शेतंही आहेत. तुला हवं होतं ते दोघांचं राहणं, ते तिथंही होतंच.

आता सासूबाई. तू लिहिलंयस "भडकल्या", पण त्यांच्या बाजूनं मोजून बघ. एका पहाटे त्या बाईची सासू गेली आणि पोटची लेक गेली. वाचलेला लेक म्हणजे तुझा नवरा. तो पुन्हा दगडाखाली झोपायला निघालाय हे ऐकून त्यांनी काय म्हणायला हवं होतं? त्यांचं बोलणं तुझ्या हौसेवर नव्हतं. म्हणून त्यांना समजवायला तू जाऊ नकोस, तुझ्या तोंडून कितीही चांगलं बोलणं त्यांना बाहेरचं वाटेल. ठरलंच जायचं, तर लेकानं आईजवळ बसून सांगावं: घर बघितलंय, मालकाशी बोललोय, बाहेर झोपणार आहोत किंवा दाराशी झोपणार आहोत. परवानगी मागायची नाही, तुम्ही दोघं मोठी माणसं आहात. पण सांगायचं नीट. आणि त्या दोन रात्री त्यांना लेकरांसोबत एकटं ठेवू नकोस. नणंद, जाऊ, शेजारीण, कुणीतरी मुक्कामाला बोलव. नाहीतर लेकरांना परभणीला आजोळी धाड आणि सासूबाईंना एखाद्या नातलगाकडं. त्या रात्रभर जाग्या राहणार हे धरून चल. झोपायच्या आधी एक फोन, पहाटे उठल्याबरोबर एक फोन. जाड दगडी भिंतींच्या आत मोबाइलला रेंज अनेकदा मिळत नाही, तेव्हा चौकात येऊन लावा. फोन लागला नाही तर तिकडं त्यांची काय अवस्था होईल, हे मी वेगळं सांगायला नको.

ट्रक गेला की तीस वर्षांनंतरही उठून बसतात, हे तू एका ओळीत लिहून पुढं गेलीस. मला ती ओळ वाड्यापेक्षा मोठी वाटली. वर्षानुवर्षं झोप अर्धवट होत असेल तर त्यावर उपचार आहेत, आणि अशा आठवणींवर काम करणारे समुपदेशक असतात. सरकारची टेलिमानस नावाची फोनसेवा आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत. मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराचा विभाग असतो. पण हा विषय सहलीच्या विषयात मिसळू नकोस. "डॉक्टरला दाखवा, मग वाड्यात जाऊ" असा सौदा झाला की दोन्ही हातचं जाईल. सहल होऊ दे, नाहीतर रद्द होऊ दे. महिना-दोन महिन्यांनी, निवांत, पुन्हा कधीतरी चालता चालता.

राहता राहिली सहल. दोन रात्रींत वेरूळ, दौलताबाद, म्हैसमाळ, मकबरा, पाणचक्की सगळं कोंबशील तर शाळेची ट्रिप होईल. लेकरांसोबत वेरूळ झालंय, पण लेकरांसोबत म्हणजे कैलास बघितलं आणि आइस्क्रीम खाल्लं, एवढंच झालं असणार. या वेळी सकाळी उघडल्या उघडल्या जा आणि सरळ उत्तरेच्या टोकाला, ३० ते ३४ नंबरच्या जैन लेण्यांकडं जा. गर्दी तिकडं क्वचित पोचते. ३२ नंबरच्या इंद्रसभेत वरच्या मजल्यावर खांबांवरची नक्षी बघत बसायला एक सकाळ कमी पडते. मंगळवारी वेरूळ बंद असतं, तेवढं बघून तारखा घे. दुपारी परत या आणि वाड्याच्या ओसरीत काहीही करू नका. डिसेंबरात जाड भिंतींची घरं सकाळी दहापर्यंत आतून गार असतात, ऊन चौकात उतरलं की तिथं बसायला मजा येते.

जेवणाचं मालकाला आधी कळव. ते 'गावरान थाळी' म्हणून भाकरी, पिठलं, ठेचा देतील. तू म्हणशील, हे तर मी रोजच करते. खरंय, फक्त तिथं भाकरी दुसरं कुणी तरी थापेल आणि तू गरम गरम खाशील, पहिली. दहा वर्षांत असं कितीदा झालं, सांग. शेतं जवळ असतील तर हुरडा निघायला लागलाय का तेही विचारून ठेव. डिसेंबरच्या शेवटी कुठं कुठं मिळायला लागतो, खरी मजा जानेवारीत. न्हाणी आणि संडास खोलीला लागून आहे की चौक ओलांडून जावं लागतं, हेही आत्ताच विचार. जुन्या वाड्यांची दारं ठेंगणी असतात, तुझे 'हे' उंच असतील तर कपाळ सांभाळा म्हणावं.

आणि तारीख पक्की करायच्या आधी कालनिर्णय उघडून मार्गशीर्षातली अमावस्या बघ. येळवस, म्हणजे आपल्याकडं सगळ्यांनी शेतात जेवायचा त्या अमावस्येचा सण, त्या दोन दिवसांत येत असेल तर बुकिंग आठवडाभर पुढं ढकल. दगडी वाडा सासूबाई एकवेळ पोटात घालतील. पण येळवसीला लेक आणि सून शेतात नाहीत, भज्जी आणि आंबील तशीच उरली, हे त्या पुढची दहा वर्षं तुला ऐकवतील, आणि त्या वेळी मी तुझ्या बाजूनं नसेन.